रंग भरण्याआधी ठिपके दाखवा

प्रति,
शालेय इतिहासाची पाठ्यपुस्तकं लिहिणारे, त्यांतले नकाशे आखणारे आणि परीक्षेचे प्रश्न काढणारे सर्वजण यांस,

सप्रेम नमस्कार. विनंती विशेष.

मौर्य साम्राज्याचा नकाशा आपल्याकडे पिढ्यानपिढ्या एकाच ठशाचा छापला जातो. वायव्येला कंदाहार, पूर्वेला बंगाल, खाली कर्नाटकात कुठेतरी एक रेघ, आणि मधला सगळा भाग एकाच रंगाने भरलेला. मुलं तो वहीत उतरवतात, रेघेच्या बाहेर रंग जाऊ नये म्हणून जपतात, आणि दहापैकी दहा गुण मिळवतात. मीही नाशिक जिल्ह्यातल्या शाळेत वर्षानुवर्षं हाच नकाशा फळ्यावर काढत आलो. त्यामुळे हे पत्र बाहेरून खडे मारणाऱ्याचं आहे, असं कृपया समजू नये.

तो रंग मुलांना एक गोष्ट न बोलता सांगतो. रेघेच्या आत सगळीकडे सारखंच राज्य होतं: एक कायदा, एक कर, एकच सरकार, गावोगावी त्याचा माणूस. रेघ ओलांडली की परका देश. ही कल्पना आजच्या राष्ट्राची आहे. चेकनाके, पासपोर्ट आणि भूमापन खातं असल्याशिवाय अशी रेघ जमिनीवर उभी राहत नाही. पुस्तकाच्या मजकुरात आपण ही कल्पना कुठेही मांडत नाही, तिला आधार देत नाही, तपासत नाही. ती नकाशातून गुपचूप आत येते आणि कायमची बसते.

माझं गाऱ्हाणं नेमकं इथे आहे. प्राचीन साम्राज्यांना आधुनिक कल्पना लावू नयेत, असं म्हणणारा मी नाही. लावाव्याच लागतात, आणि त्यांतल्या काहींनी फार मोठं काम केलेलं आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. पण कल्पना लावली की ती लावली असं सांगावं, आणि मग ती दगडावर, नाण्यावर घासून बघावी. आपली पुस्तकं घासण्याआधीच उत्तर लिहून मोकळी होतात.

आता पुरावा काय आहे तो पाहू. अशोकाचे लेख म्हणजे नकाशावर ठिपके आहेत. शाहबाजगढी आणि मानसेहरा इथे खरोष्ठी लिपीत. कंदाहारला ग्रीक आणि अरमाईक, त्यातला द्वैभाषिक लेख १९५८ साली सापडला. मग काल्सी, गिरनार, सोपारा, ओडिशातले धौली आणि जौगड. आणि खाली कर्नाटक-आंध्राच्या सीमेवर एकदम दाट घोळका: मस्की, ब्रह्मगिरी, सिद्धापूर, एर्रगुडी आणि आसपासची कितीतरी ठिकाणं. हा घोळका तिथेच का? मस्कीचा लेख १९१५ साली सापडला तो सोन्याच्या खाणींच्या कामावर असलेल्या एका इंजिनिअरला. त्या पट्ट्यात सोनं आहे. ब्रह्मगिरीच्या लेखात ज्या ठिकाणाहून हुकूम निघाला त्याचं नावच सुवर्णगिरी. हे एकदा समजलं की त्या ठिपक्यांकडे बघायची नजर बदलते.

ब्रह्मगिरीचा लेख तर मुलांसमोर अक्षरशः वाचून दाखवावा असा आहे. सुवर्णगिरीचा आर्यपुत्र, म्हणजे राजकुमार, आणि तिथले महामात्र, म्हणजे वरिष्ठ अधिकारी, यांनी इसिल इथल्या महामात्रांना पाठवलेलं ते पत्र. हुकूम सांगण्याआधी प्रकृतीची विचारपूस केलेली आहे. शेवटी लेखनिकाचं नाव येतं, चपड. सगळा लेख ब्राह्मीत, पण ‘लेखनिकाने’ हा एक शब्द त्याने खरोष्ठीत कोरलाय. खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी, उजवीकडून डावीकडे लिहायची. चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या एका टेकडीवर, जिथे ती वाचणारा बहुधा दुसरा कोणी नव्हता, तिथे हा माणूस ती मिरवतो. मला विचाराल तर मौर्य सत्ता कशी चालायची हे त्या एका शब्दातून जेवढं कळतं तेवढं सबंध रंगीत नकाशातून कळत नाही. माणसं पाठवली जात होती, लांबून लांबून. पत्रं जात होती, एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर. सत्ता त्या वाटांवर होती.

वाटांच्या मध्ये काय होतं? ते अशोक स्वतःच सांगतो. त्याच्या चौदा मोठ्या शिलालेखांपैकी तेराव्यात तो आपल्या राज्यातल्या अटवींबद्दल, म्हणजे रानातल्या लोकांबद्दल बोलतो. त्यांची समजूत काढतो, आणि लगेच बजावतो की देवांचा प्रिय पश्चात्तापदग्ध असला तरी त्याच्यापाशी दंड करण्याची ताकद आहे. कलिंगाच्या दुःखाचं पान आपण पुस्तकात छापतो, दीड लाख नेले, एक लाख मारले, हे आकडे पाठ करून घेतो. त्याच लेखातला रानातल्या लोकांना दिलेला हा दम मात्र आपण गाळतो. तो छापला तर सम्राटाच्या स्वतःच्या तोंडून कळतं की रंगाच्या आत त्याला धाक घालावा लागतो असे लोक आहेत.

आपल्या राज्यापुरतं बोलायचं तर सोपाऱ्याला आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना मिळाला, पुढे १९५६ साली त्याच परिसरात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यात देवटेकला एक शिळा मिळाली, तिच्यावरचा जुना ब्राह्मी लेख अशोकाच्या एखाद्या महामात्राचा असावा असं वा. वि. मिराशींनी मांडलं. एक ठिपका समुद्रकाठच्या बंदरावर आणि एक पार पूर्वेला विदर्भात. मधल्या सगळ्या देशावर तुमच्या नकाशात तोच गडद रंग आहे. तो कशाच्या बळावर?

उत्तर मला माहीत आहे. तो रंग दगडांवरून आलेला नाही, एका ग्रंथावरून आणि एका काळावरून आलेला आहे. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या शामशास्त्र्यांच्या हाती आली आणि १९०९ साली संहिता छापून प्रसिद्ध झाली. त्या वेळी इंग्रज राज्यकर्ते म्हणत होते की या देशाला एकसंध राज्य कधी ठाऊकच नव्हतं, ते आम्ही दिलं. आणि अचानक हातात एक ग्रंथ आला, ज्यात खाती आहेत, अध्यक्ष आहेत, दंडांचे दर आहेत, हेर आहेत, वजनमापं आहेत. हे घ्या, आमच्याकडे बावीसशे वर्षांपूर्वी सगळं होतं! त्या पिढीचा आवेश मला समजतो. काशीप्रसाद जयस्वालांनी प्राचीन गणसंघांत सभागृह, गणपूर्ती आणि मतदान पाहिलं तेही त्याच भरात. गुलामीत असलेल्या विद्वानांनी दिलेली ती उत्तरं होती, आणि त्या काळी ती द्यायलाच हवी होती.

पण अर्थशास्त्र राज्य कसं असावं हे सांगतं. ते मौर्यांचं दप्तर नव्हे. ग्रंथ केव्हाचा आणि एका हातचा की अनेक हातांचा यावर वाद आहे. त्याची प्रमाण मानली गेलेली संशोधित आवृत्ती आपल्याच मुंबई विद्यापीठाने काढली, र. पं. कंगल्यांची, १९६० ते १९६५ या काळात. कंगले कौटिल्याच्या बाजूने उभे राहिले. थॉमस ट्राउटमन यांनी १९७१ मध्ये शब्दांच्या वापराची संख्याशास्त्रीय मोजणी करून अनेक लेखक असल्याचं मांडलं. दोन्ही बाजू मुलांना सांगता येतील. आपण मात्र ग्रंथातलं ‘करावे’ उचलून पुस्तकात ‘करत असत’ असं लिहितो.

आणि हे काही नवं खूळ नाही. रोमिला थापर यांनी १९६१ मध्ये मौर्य राज्य केंद्रीकृत असल्याचं लिहिलं होतं. १९८०च्या दशकात त्यांनीच आपलं मत पालटलं: मगध हा गाभा, गंधार-कलिंग-सुवर्णगिरीसारखी काही महत्त्वाची केंद्रं, आणि भोवती सैल, बरीचशी आपापल्या वळणावर चाललेली मोठी भूमी. त्यांच्या इतर मतांवर कुणाचे काहीही वाद असोत, अभ्यासक आपली मांडणी पुराव्यासमोर बदलतो म्हणजे काय ते इथे दिसतं. चाळीसेक वर्षं होत आली. नकाशा आहे तसाच आहे.

दुसरा लाडका शब्दप्रयोग ‘कल्याणकारी राज्य’. परीक्षेत हमखास येतो: ‘अशोकाचे राज्य कल्याणकारी होते, स्पष्ट करा.’ मुलं लिहितात: माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचार, विहिरी, रस्त्याकडेला झाडं. पूर्ण गुण. हे सगळं दुसऱ्या शिलालेखात आहे खरं. पण त्याच लेखात ही सोय चोळ, पांड्य, सतियपुत्र, केरळपुत्र, ताम्रपर्णी (श्रीलंका) आणि ग्रीक राजा अंतियोक यांच्या मुलखातही केली असं म्हटलंय. अंतियोकाचं राज्य पार सीरियापर्यंत. मग कल्याणकारी राज्याची हद्द कुठवर न्यायची? आजच्या अर्थाने कल्याणकारी राज्य म्हणजे नागरिकाचा हक्क, कर भरतो म्हणून दवाखाना मागणारा माणूस. अशोकाच्या लेखात मागणारा कुणी नाही. देणारा आहे, आणि तो हद्दीपलीकडेही देतोय, कारण त्याला पुण्य हवं आहे, ऋण फेडायचं आहे. ही वेगळीच गोष्ट आहे आणि जास्त रंजक आहे.

दुष्काळात लोकांची सोय खरोखर कशी होत असे, याचा शोध घ्यायचा तर सोहगौरा आणि महास्थान इथले छोटे लेख बघावेत. धान्याची कोठारं, अडचणीच्या वेळी उचल, सुगीला परतफेड. कोरडा कारभार. पण तोच खरा कारभार.

आता गंमत बघा. ‘कल्याणकारी राज्य’ ही आधुनिक कल्पना जिथे आपल्याला आंधळं करते, तिथेच दुसरी एक आधुनिक कल्पना डोळे उघडते. सरकारी प्रचार. ही कल्पना मनात धरून धौली आणि जौगडला जा. ही दोन्ही ठिकाणं कलिंगात. आणि नेमका तेरावा लेख, कलिंगच्या संहाराचा, पश्चात्तापाचा, तिथे कोरलेलाच नाही! गिरनारला आहे, शाहबाजगढीला आहे. ज्यांची माणसं मेली त्यांच्या डोळ्यांसमोर नाही. त्याऐवजी तिथल्या महामात्रांना उद्देशून दोन वेगळे लेख आहेत. ‘सगळी माणसं माझी लेकरं’ हे प्रसिद्ध वाक्य तिथलंच. पण पुढे वाचलं तर सम्राट आपल्याच अधिकाऱ्यांपुढे हात टेकल्यासारखा बोलतो. माणसं विनाकारण कोंडली जातात, छळली जातात. मत्सर, राग, क्रौर्य, घाई, आळस हे दोष सोडा. आणि हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवा, ऐकायला एकटा माणूस असला तरी. केंद्रीकृत नोकरशाहीच्या प्रमुखाला असं विनवावं का लागतं, हा प्रश्न दहावीच्या मुलाला नक्की झेपतो. माझ्या वर्गात झेपला होता. एका मुलीने विचारलं, “सर, मग त्यांना शिक्षा का नाही केली?” मला उत्तर देता आलं नाही, आणि तास छान झाला.

गिरनारच्या त्याच खडकावर शक राजा रुद्रदामनचा लेख आहे, शक संवत् ७२, म्हणजे इसवी सन १५०. सुदर्शन तलावाची कहाणी. चंद्रगुप्त मौर्याच्या वतीने वैश्य पुष्यगुप्ताने तो बांधला, अशोकाच्या काळी यवनराज तुषास्फाने पाट काढले. नाव इराणी, बिरुद यवनराज, आणि काम मगधच्या सम्राटाचं. याला आपण सुभेदार म्हणायचं, की मांडलिक, की आणखी काही? पुढे वादळात बांध फुटला. भगदाड किती, तर ४२० हात लांब, तेवढंच रुंद, ७५ हात खोल. मंत्र्यांनी दुरुस्तीला विरोध केला, खर्च झेपणार नाही म्हणून. लोकांनी आशा सोडली. मग सुविशाख नावाच्या पह्लव, म्हणजे पार्थियन, अमात्याने तो पुन्हा उभा केला, आणि राजा सांगतो की यासाठी कर, वेठ किंवा नजराण्याच्या नावाखाली उकळलेला पैसा घेतला नाही. म्हणजे एरवी तो घेतला जात होता, हेही आपोआप कळलं. पाण्यावर ताबा असलेला राजा निरंकुश होतो, असा एक सिद्धान्त कार्ल विटफोगेल यांनी १९५७ मध्ये मांडला आणि आशियातल्या सगळ्या जुन्या साम्राज्यांना एका दाव्याला बांधलं. सुदर्शनचा लेख त्या सिद्धान्तापुढे ठेवून बघावा. तलाव राजसत्तेनेच बांधलाय, हे बरोबर. पण सुमारे साडेचार शतकांत राजवंश बदलले, बांधणारा एका कुळाचा, पाट काढणारा दुसऱ्या, दुरुस्त करणारा तिसऱ्या, आणि प्रत्येक वेळी काम स्थानिक अधिकाऱ्याच्या उमेदीवर निभावलं. मंत्री ‘नाही’ म्हणू शकले. निरंकुश सत्तेचं चित्र यात नीट बसत नाही.

आता घराजवळ येतो, कारण इथे बोलायला अधिक हक्क वाटतो. नाशिकची पांडवलेणी, म्हणजे त्रिरश्मी डोंगर. दहाव्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या, म्हणजे इथल्याच जुन्या नगरातल्या, विणकरांच्या श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) पैसे कायम ठेव म्हणून ठेवले. एका श्रेणीकडे २००० कार्षापण (त्या काळची नाणी), दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. हिशेब करा: दरमहा २०, वर्षाला २४०, आणि २० गुणिले १२ म्हणजे २४०. एक कवडी इकडची तिकडे नाही. सातवीतलं पोर हा हिशेब तोंडी करतं आणि लेण्यातल्या दगडाकडे पहिल्यांदा मन लावून बघतं.

यावर आपलं पुस्तक काय लिहितं? ‘त्या काळी श्रेणी बँकेचे काम करत.’ चालेल, हे अर्धं खरं आहे. पण इथे थांबायचं कशाला? बँक म्हटलंत तर बँकेला विचारतो ते सगळे प्रश्न विचारा. एकाच गावच्या दोन श्रेणींचे दर वेगळे का? मोठ्या ठेवीला जास्त व्याज, की एकीचा धंदा जास्त जोखमीचा? राजाच्या जावयाने पैसा सासऱ्याच्या खजिन्यात न ठेवता विणकरांकडे का ठेवला? आणि हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर करून फळ्यावर नोंदवला, तो कुणाच्या भरवशासाठी? मला वाटतं, राजघराण्यापेक्षा विणकरांची श्रेणी जास्त टिकेल असा त्याचा हिशेब होता. तो किती रास्त होता ते लवकरच दिसलं. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा क्षहरात वंश निःशेष केला, असं त्याच डोंगरातल्या त्याच्या आईच्या, बलश्रीच्या, प्रशस्तीत अभिमानाने कोरलंय.

त्या विजयाचा दुसरा साक्षीदार म्हणजे नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ साली सापडलेला नाण्यांचा साठा. नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. याला अलीकडे कुणी कुणी ‘प्राचीन नोटबंदी’ म्हणतात. म्हणोत बापडे, पण साठाच त्यांचं म्हणणं खोडतो. नोटबंदीत जुनी नोट कागद होते. इथे नहपानाचा चेहरा छापाखालून डोकावतोच आहे, चांदी तीच, वजन तेच, आणि एक तृतीयांशाच्या आसपास नाणी तर छाप न मारताच त्याच साठ्यात पडून आहेत. नाणं चालायचं ते चांदीमुळे. राजाने त्यावर आपलं नाव चढवलं एवढंच.

तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यात दोन राजाज्ञा आहेत. राज्यवर्ष १८ मध्ये गौतमीपुत्र विजयाच्या छावणीतून गोवर्धनच्या विष्णुपालित अमात्याला कळवतो की आजवर उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना दिलंय. तिथे राजाच्या माणसांनी शिरू नये, हात लावू नये, मिठासाठी खणू नये. राज्यवर्ष २४ मध्ये दुसरी आज्ञा, आता श्यामक अमात्याला: पूर्वी दिलेलं शेत कसलं जात नाही, गावही वसलेलं नाही. म्हणून नगराच्या शिवेवरची आमची १०० निवर्तनं द्यावी. झालं! सहा वर्षांत सरकारी निर्णय फसला, सुधारित निर्णय निघाला, त्यात क्षेत्र निम्मं झालं. मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. साम्राज्याचा कारभार म्हणजे काय हे दाखवायला याहून चांगलं साधन आपल्या राज्यात तरी मला माहीत नाही, आणि शाळेच्या सहलीत तिथे मुलं फक्त पायऱ्या चढून फोटो काढून परत येतात.

ही दुसरी आज्ञा एकट्या राजाची नाही. राजमातेचंही नाव तिच्यात आहे. आता ‘सातवाहन मातृसत्ताक होते’ हे वाक्य आठवा. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी नावं बघून ते लिहिलं जातं. पण ही नावं आईच्या गोत्रावरून आलेली, गादी मात्र सहसा बापाकडून मुलाकडेच जात राहिली. ‘मातृसत्ताक’ हे लेबल इथे टिकत नाही. उलट, बाईच्या हाती किती आणि कसली सत्ता होती, हा तितकाच आधुनिक प्रश्न घेऊन गेलात तर नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेच्या नावाने यज्ञांच्या दक्षिणांची लांबलचक यादी भेटते, आणि इथे जमिनीच्या हुकमावर राजमाता भेटते. लेबल सोडलं तर हाती जास्त लागतं.

एक नाजूक गोष्टही लिहून टाकतो. सातवाहनांना ‘मराठी माणसाचं पहिलं साम्राज्य’ म्हणण्याचा मोह आपल्याला फार. बलश्रीने मुलाच्या मुलखाची यादी दिली आहे: असिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकर-अवंती. महाराष्ट्र हे नाव त्यात नाही. तिला आपल्या मुलाची कीर्ती अशी सांगायची होती की त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं. एकाच लोकांचा राजा म्हणून नव्हे. आपल्याला त्यांचा अभिमान वाटायला काही हरकत नाही, मलाही वाटतो. फक्त तो आपला आहे, त्यांच्या तोंडी घालू नये.

आधुनिक कल्पना चांगली कशी वापरावी, याचा धडा द्यायला दामोदर धर्मानंद कोसंबी पुरेसे आहेत. गोव्यात जन्मलेला, पुण्यात राहिलेला हा गणिती. त्यांनी तक्षशिलेची आहत, म्हणजे ठसे मारून केलेली, नाणी तराजूत घातली, एकेक. विचार साधा: नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. ज्यांच्या मागच्या बाजूला तपासणीच्या खुणा जास्त, ती जास्त फिरलेली, म्हणजे सरासरीने हलकी असायला हवीत. आणि तशी ती निघाली. संख्याशास्त्र ही विसाव्या शतकातली विद्या, ती बिनदिक्कत त्यांनी इसवी सनापूर्वीच्या नाण्यांना लावली आणि राजांच्या याद्या न मानणाऱ्या नाण्यांकडून काळाचा क्रम काढून घेतला. त्या विद्येने त्यांना आधीच काही सांगितलं नव्हतं. नाण्यांची वजनं उलट निघाली असती तर मांडणी कोसळली असती. नेमकी ही जोखीम आपल्या पुस्तकांतल्या ‘केंद्रीकृत’, ‘कल्याणकारी’, ‘सुवर्णयुग’ या शब्दांना कधीच नसते.

मला ठाऊक आहे, दुसऱ्या बाजूने एक आक्षेप येईल: मग हे सगळे शब्दच काढून टाका, त्या काळच्याच शब्दांत इतिहास सांगा. हेही मला पटत नाही. रज्जुक, प्रादेशिक, युक्त, महामात्र असं नुसतं लिहिलं तर मुलं ते पाठ करतील, त्यापलीकडे काही होणार नाही. शिवाय त्या काळचे शब्द निरागस नसतात. ते राजांचे आणि दात्यांचे शब्द आहेत. अटवीच्या लोकांनी काही कोरून ठेवलेलं नाही. त्यांच्याबद्दल विचारायचं तर प्रश्न आपल्यालाच आपल्या काळातून न्यावा लागणार. वेठीला धरलेल्या माणसाचं श्रम म्हणून मोल, जंगलावरचा हक्क, विस्थापन हे शब्द आजचे आहेत. दीड लाख माणसं कलिंगातून नेली, ती कुठे नेली आणि त्यांचं काय केलं, हे विचारायला ‘विस्थापन’ हा शब्द हाताशी असलेला बरा.

तेव्हा विनंती अशी. पुढच्या आवृत्तीत मौर्यांचा नकाशा रंगाऐवजी ठिपक्यांचा छापा. शिलालेखांची ठिकाणं, माहीत असलेले व्यापारी मार्ग, सोन्याचा पट्टा, बंदरं. बाकी भाग पांढरा राहू द्या. पांढऱ्या भागाची लाज वाटायचं कारण नाही, खाली एक ओळ टाका की इथे राजाचा हुकूम कितपत चालत होता याचा पुरावा मिळालेला नाही. नकाशा आखणाऱ्यांना अडचण येईल ती कडेच्या रेघेची. मुलांना सवय झालीय रेघेची, पालकांना तर जास्तच, आणि रेघ काढली की कुणाला तरी ‘साम्राज्य लहान केलं’ असा राग येईल. त्या रागाला उत्तर देण्याची हिंमत मात्र मंडळातल्या जाणकारांनी दाखवायला हवी. अशोकाचं मोठेपण एकरांत मोजायचं असेल तर मग त्याचे लेख वाचायचेच कशाला?

प्रश्न काढणाऱ्यांनी ‘स्पष्ट करा’ हे दोन शब्द काही वर्षं बाजूला ठेवावेत. ‘अशोकाचे राज्य कल्याणकारी होते, स्पष्ट करा’ याऐवजी दुसऱ्या शिलालेखातल्या चार ओळी द्या आणि विचारा, यावरून राज्य कल्याणकारी होतं असं म्हणता येईल का? दोन्ही बाजूंनी गुण द्या. तपासणाऱ्याला त्रास होईल, ठरावीक उत्तराची यादी जुळवून बघता येणार नाही, हे मी अनुभवाने सांगतो. पण एका तपासनिसाच्या चार जादा तासांच्या मोबदल्यात हे परवडण्यासारखं आहे.

आणि मजकूर लिहिणाऱ्यांनी, जिथे जिथे ‘साम्राज्य’, ‘प्रांत’, ‘नोकरशाही’, ‘बँक’ येईल तिथे समासात एक छोटा प्रश्न छापावा: हे आपल्याला कशावरून कळलं? समासात जागा असते. सध्या तिथे बहुधा एखादं मुकुट घातलेलं काल्पनिक चित्र असतं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नाशिक जिल्ह्यातला एक निवृत्त इतिहास शिक्षक

ता. क. उषवदाताच्या १००० कार्षापणांचं, दरमहा शेकडा पाऊण दराने, वर्षाचं व्याज ९० येतं. हे उदाहरण गणिताच्या पुस्तकातल्या सरळव्याजाच्या धड्यात घालता येईल का, तेही कृपया गणित समितीला विचारून बघावं. आमच्याकडे गणिताच्या बाईंनी ते एकदा फळ्यावर घेतलं होतं, आणि इतिहासाच्या तासाला कधीच हात वर न करणारी दोन मुलं त्या दिवशी लेण्यातला लेख वाचता येईल का विचारत माझ्याकडे आली होती.